झोपेतली घसरगुंडी

"घसरायच्या उताराची तिकिटं संपली, बाबा. उद्याचीसुद्धा," अनिश गाडीत शिरत म्हणाला आणि त्यानं टोपीवरचा बर्फ झटकला. "ऑनलाइन बुक करायला हवी होती यार."

मागच्या सीटवर गिरीशनी नातीकडे पाहिलं. सहा वर्षांची अंतरा बर्फावरून घसरायची लाल प्लॅस्टिकची स्लेड मांडीवर घेऊन बसली होती. बेलव्ह्यूच्या घरून निघताना ती डिकीत ठेवायला तिनं साफ नकार दिला होता.

"आजोबा, इज देअर अनदर माउंटन?"

"आहे ना. इथं डोंगरांना काय तोटा?"

पुढच्या डोंगरावर पार्किंग भरलेलं होतं. नारिंगी जाकीट घातलेल्या बाईनं हात हलवून त्यांना पुढे जायला सांगितलं. त्याच्या पुढच्या उतारावर दोरी बांधली होती. बर्फ कोसळायची भीती होती. दर वेळी अंतरा नुसतं "ओके" म्हणायची. रडली असती तर गिरीशना समजूत तरी काढता आली असती.

बुधवारी तिची आई रीमा तिला घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला, पार्सिपनीला जाणार होती, कायमची. अनिश आणि रीमा वेगळे झाले होते, आणि रीमाला तिकडे नोकरी लागली होती. कुणी कुणाशी वाईट वागलं नव्हतं, त्यामुळे रागवायलाही कुणी सापडत नव्हतं. गिरीशनी उभी हयात शहराच्या पाणी खात्यात नळांचे नकाशे काढण्यात घालवली होती. फार बोलणारा माणूस नव्हे. निवृत्तीनंतर मात्र ते रोज अंतराला शाळेतून आणायला जायचे. शाळेच्या दारात त्यांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांना ते अंतराचे आजोबा म्हणूनच माहीत होते. हे नाव त्यांना फार आवडलं होतं.

"परत फिरू या का?" अनिशनं विचारलं.

"एवढं एक वळण बघू."

वळणापलीकडे रस्ता उंच झाडांत शिरला. बर्फ इतका हळू पडत होता, की जणू खाली यायचं त्याच्या मनातच नव्हतं. एका लाकडी घरासमोर एक म्हातारी फावड्यानं वाट मोकळी करत होती. अनिशनं काच खाली करून विचारलं. तिनं हसून घरामागचा उतार दाखवला. तिथं पोरं नेहमी घसरतात, खुशाल जा, म्हणाली.

पण अंतरा झोपली होती.

"उठवू?"

"नको," गिरीश म्हणाले. का नको, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यांनी तिला शालीत गुंडाळून स्लेडमध्ये ठेवलं आणि दोरी हातात घेतली. बर्फावरून स्लेड आवाज न करता मागून येत होती. ते मध्येच थांबून तिच्या पापण्यांवरचे कण टिपत आणि पुन्हा चालू लागत. माथ्यावर पोचल्यावर ते स्लेडमध्ये बसले आणि तिला त्यांनी मांडीत घेतलं.

"बाबा, तुमचा गुडघा..."

"सोड रे."

अनिशनं हलकेच ढकललं. झाडं मागे सरकू लागली. वर कुठलं आभाळ आणि खाली कुठला डोंगर, काही कळेना. सगळं एकाच पांढऱ्या रंगाचं झालं होतं. वजन उरलं होतं ते फक्त छातीवर टेकलेल्या त्या छोट्या डोक्याचं. हा उतार संपूच नये, असं त्यांना वाटलं. तो संपला. स्लेड भुसभुशीत बर्फात शिरून थांबली.

अंतरानं डोळे उघडले. "डिड वी गो?"

"गेलो की!"

"वॉज आय स्केअर्ड?"

"अजिबात नाही."

"अँड यू?"

"थोडासा."

"अगेन!" ती म्हणाली. पण वरून अनिश फोन हातात घेऊन धावत येत होता. घाटरस्ता बंद करणार होते. लगेच निघायला हवं होतं.

परतताना रीमाचा फोन आला. अनिशनं तो स्पीकरवर टाकला.

"ममा, इट वॉज सो फास्ट! आजोबा स्क्रीम करत होते! आणि एक हरीण आलं, राइट नेक्स्ट टू अस!"

अनिशनं आरशातून वडिलांकडे पाहिलं.

"बाबा, खरंच हरीण होतं?" रीमानं विचारलं. ती अजूनही त्यांना बाबाच म्हणायची.

"हो गं," गिरीश म्हणाले. "अगदी हात लावता आला असता."

रीमा हसली. अंतरानं बुटांसकट पाय त्यांच्या मांडीवर टाकले आणि हरणाच्या शिंगांविषयी सांगू लागली. बुटांतला बर्फ वितळून त्यांच्या पँटमधून गुडघ्यापर्यंत झिरपत होता. थंडगार. त्यांनी पाय हलवला नाही.