बांध ओलांडलेली साखळी

मी एक जुनी मोजणीची साखळी आहे. तीस मीटर लांब, दीडशे कड्यांची, दोन्ही टोकांना पितळी मुठी असलेली. मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीतली पट्टी आणि मी एकाच कुळातल्या. पण पट्टीला कोणी घाबरत नाही. मला लोक घाबरत, आणि त्यांचे घाबरलेले चेहरे पाहून मी घाबरत असे.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. पोलादी तारेचे तुकडे कापून, टोके वळवून ते एकमेकांत अडकवले गेले. दर पाच मीटरवर एक पितळी बिल्ला लावला. शेवटी मुठीवर सरकारी शिक्का ठोकला. तो घाव मला अजून आठवतो.

पुढे अंबरनाथ-बदलापूरकडच्या माळांवर आणि भातखाचरांत मी दहा-बारा वर्षे काम केले. कुठे रस्ता जाणार होता, कुठे कारखाने येणार होते, कुठे धरणाचे पाणी चढणार होते. शिपाई मुठी धरून मला जोरात फेकत. खळखळ असा लांबलचक आवाज होई आणि वाकून काम करणारी माणसे ताठ उभी राहत. एकदा एका बाईने माझ्यावर पाय ठेवला आणि म्हणाली, "साहेब, एवढं आंब्याचं झाड सोडा." साहेबांनी वहीतून मान वर न काढता उत्तर दिले, "बाई, आम्ही फक्त मोजतो." ते खोटे बोलत नव्हते. तरी पुढच्या वर्षी मी त्याच वाटेने गेले तेव्हा तिथे झाड नव्हते, घर नव्हते आणि ती बाईही नव्हती.

१९८४ साली मी भंगारात निघाले. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका दुकानासमोर, मोडक्या सायकलींच्या ढिगात पडून राहिले. शेजारच्या वर्कशॉपमध्ये भट्टी होती. रोज ढिगातले काहीतरी उचलले जाई आणि परत येत नसे. हात माझ्या दिशेने आला की माझ्या सगळ्या कड्या थंड पडत. एके दिवशी एका हाताने मला खरोखरच उचलले. तो हात गुरुदत्त सरांचा होता. उल्हासनगरातल्या एका कॉलेजात ते भूगोल शिकवत. त्यांनी मला रॉकेलने धुतले, तेल लावले आणि पृथ्वीगोलाच्या शेजारी खुंटीवर टांगले. जीवात जीव आला.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेत माझे काही काम नव्हते. पण सर म्हणत, "भूगोल पायांनी शिकायचा असतो." म्हणून दर थंडीत ते नव्या मुलांना एखाद्या शेतावर नेत.

१९८७च्या जानेवारीत त्या मुलांत अंजनी होती. अंबरनाथच्या बुवापाड्यातून यायची. वडील कारखान्यात फिटर. त्यांच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. तिला कशाचीही भीती वाटे. ग्रंथालयातल्या माणसाची, इंग्रजी शब्दांची, सरांनी नाव घेऊन विचारलेल्या प्रश्नाची. अक्षांश कुठले आणि रेखांश कुठले हे तिला नीट ठाऊक असे, पण उभी राहिली की ओठ कोरडे पडत. मला ती पहिल्या दिवसापासून आपली वाटली.

बदलापूर गावाबाहेर शिवराम नावाच्या शेतकऱ्याची सरांनी परवानगी घेतली होती. भात कापून झाला होता आणि खाचरांत वाल वर आला होता. अर्धा वर्ग बस चुकल्यामुळे मागे राहिला होता. "मी रस्त्यावरून त्यांना घेऊन येतो. तोवर त्या समोरच्या झाडाच्या रोखाने साखळी टाका," असे सांगून सर गेले. झाड बांधापलीकडे होते. पलीकडचे शेत शिवरामचे नाही, हे सरांनी पाहिले नव्हते आणि मुलांना ठाऊक नव्हते.

पुढची मूठ हरेशच्या हातात होती. तो कॅम्प चारमधल्या सिंधी दुकानदाराचा मुलगा, बोलका आणि भराभर चालणारा. मागची मूठ आणि वही अंजनीकडे. पहिले तीस मीटर शिवरामच्या शेतात झाले. दुसऱ्या खेपेला मी बांध ओलांडला आणि वालाच्या वेलांवर खळखळत पसरले.

"कोन रं त्यो? कोनाला इचारून साखली टाकलीव?"

वालाच्या शेंगा खुडणारी एक म्हातारी उभी राहिली होती. तिचे नाव विठाबाई. तिचा चेहरा पाहिला आणि जुनी सगळी वर्षे माझ्या अंगावर आली. तोच चेहरा होता, त्या सगळ्यांचा.

"माज्या भावाचं शेत असंच मोजून नेलं!" ती ओरडली. "हिंदुराव! अरं धाव, मोजनीवालं आलं!"

हिंदुराव तिचा मुलगा. तो कोयता घेऊनच आला, मागून आणखी चार-पाच माणसे. सोबतची मुले मागे सरकत सरकत शिवरामच्या शेतात गेली. हरेश हात जोडून म्हणाला, "भाईसाब, हम कॉलेजवाले हैं. प्रॅक्टिकल है, प्रॅक्टिकल!" तो शब्द त्यांना आणखीच सरकारी वाटला असावा. हिंदुरावने त्याच्या हातातून मूठ हिसकावली. हरेश दोन पावले मागे गेला.

अंजनी आपली मूठ धरून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "दादा, आम्ही शिकायला आलोय. खरंच."

हिंदुराव सातवी शिकलेला होता. त्याने मूठ डोळ्यांजवळ नेली आणि माझ्यावरचा शिक्का वाचला.

"सरकारी हाय! पोरगी खोटं बोलते, आये. सरकारी साखली हाय ही!"

मित्रांनो, त्या क्षणी मला मातीत गडप व्हावेसे वाटले. अंजनी खरे बोलत होती आणि तिला खोटे पाडत होते माझेच अंग. त्याहून वाईट म्हणजे ती माणसेही खरेच बोलत होती. मी कोण होते आणि काय करून आले होते, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

बाजूलाच विहीर होती. हिंदुराव मला ओढत तिकडे निघाला. माझ्या अर्ध्या कड्या विहिरीच्या काठावरून खाली लोंबू लागल्या. खाली हिरवेगार, खोल पाणी. दुसरी मूठ अंजनीच्या हातात होती. तो ओढत होता, ती ओढली जात होती.

"सोड!" हिंदुराव ओरडला.

तिने सोडले नाही. नंतर वर्गात सगळे तिच्या धीराचे कौतुक करत. पण मला ठाऊक आहे, तो धीर नव्हता. भीतीने तिची बोटे आखडली होती, ती उघडतच नव्हती. तिचे पाय वालावरून घसरत विहिरीकडे चालले होते. माझी मधली एक कडी ताणली गेली आणि तिचा वळसा उघडू लागला. आता तुटणार, असे मला वाटले. मी तुटले तर एक टोक पाण्यात आणि एक तिच्या तोंडावर.

"थांब रं!"

विठाबाई होती. ती अंजनीजवळ आली आणि तिच्या मनगटाला हात लावला. मग मुलाकडे वळून म्हणाली, "हिचा हात बघ. पानावानी थरथरतोय. मोजनीवाला कंदी थरथरला व्हता काय आपल्यासमोर?"

हिंदुरावने ओढणे थांबवले. मी ढिली पडले.

"कुठली गं तू?" विठाबाईने विचारले.

"बुवापाड्याची," अंजनी पुटपुटली. "आजी, आमच्याकडे एक गुंठासुद्धा नाही. मी कोणाची जमीन कुठे नेणार? मला मोजायला शिकायचंय फक्त."

म्हातारीने तिचे मनगट सोडले. "मंग मोज. पन काय लिवतंस ते मोठ्यानं वाच. हिंदुराव आयकेल."

अंजनीने वही उघडली. साखळीची वही खालून वर लिहितात. तिचा पहिलाच आकडा वाकडा आला. "त्रेचाळीस मीटरला बांध," ती वाचू लागली. "बावन्नला उजवीकडे विहीर, सहा मीटर. अठ्ठावन्नला डावीकडे एक झाड..."

"झाड काय झाड! भोकर हाय ती," विठाबाई म्हणाली. "माज्या सासऱ्यानं लावलेली. भोकर लिव."

अंजनीने भोकर लिहिले. हिंदुराव कोयता खांद्याला लावून तिच्या मागे उभा होता आणि प्रत्येक आकडा तिच्या खांद्यावरून वाचत होता.

सर धावत आले तेव्हा मोजणी संपत आली होती. जमलेली माणसे आणि कोयता पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला. काय झाले ते कळल्यावर ते वर्गासमोर, सगळ्या मुलांदेखत, विठाबाईला हात जोडून म्हणाले, "मावशी, चूक माझी आहे. बांध तुमचा होता आणि मी विचारलं शेजाऱ्याला."

"आता इचारलंस ना," म्हातारी म्हणाली, आणि ओंजळभर शेंगा अंजनीच्या ओढणीत टाकून पुन्हा कामाला लागली. हिंदुराव मात्र मुले रस्त्याला लागेपर्यंत बांधावरून हलला नाही.

त्यानंतर माझ्या त्या कडीचा वळसा पूर्ण मिटला नाही, म्हणून मी किंचित लांब झाले. सर दरवर्षी मला व्हरांड्यातल्या दोन खुणांवर ताणून पाहत आणि माझी चूक वहीत टिपून ठेवत. नव्वदनंतर कॉलेजात फायबरच्या हलक्या टेपा आल्या. मी कपाटाच्या तळाशी गेले. तिथे अंधारात कड्यांवर गंज चढत असताना मला विहिरीतले ते हिरवे पाणी दिसत राही. बदलापुरात इमारती उठत होत्या. विठाबाई वारली आणि तिच्या शेतावर चार मजले झाले, हे मी सरांच्या तोंडून ऐकले. ती जमीन कोणी मोजली, कुठल्या टेपेने, मला माहीत नाही.

मग १९९५च्या डिसेंबरात कपाटाचे दार उघडले. समोर अंजनी होती. आता ती बदलापूरच्या एका शाळेत शिक्षिका होती. तिने सरांकडून मला मागून घेतले, तेल लावून पुसले आणि वीस-बावीस मुलांबरोबर गावाबाहेरच्या एका शेतावर नेले.

शेताच्या कडेला एक घर होते. अंजनीने मला उघडले नाही. अंगणाबाहेर उभी राहून तिने हाक मारली, "घरात आहे का कोणी?"

उत्तर आले नाही. ऊन चढत होते, मुले चुळबुळत होती. एक मुलगी म्हणाली, "बाई, कोणीच नाहीये. मोजूया ना."

"कोणीतरी असतं," अंजनी म्हणाली. तिने पुन्हा हाक मारली आणि वाट पाहत राहिली.

मित्रांनो, मला तेल लावा, कोरड्या जागी ठेवा, अशी विनंती मी करायला हवी. तीही करते. पण त्याआधी एक मागणे आहे. हातात साखळी असो, टेप असो किंवा नुसती वही असो, दुसऱ्याच्या जमिनीवर पाय ठेवण्यापूर्वी हाक मारा. आणि हाक मारली की उत्तर येईपर्यंत थांबा.

बऱ्याच वेळाने घरामागून एक बाई ओले हात पदराला पुसत आली. माझ्याकडे नजर जाताच ती जागीच थबकली. मीही श्वास रोखला. अंजनीने मला दोन्ही हातांवर घेतले आणि तिच्यापुढे धरले.

"आधी तुम्ही हातात घेऊन बघा," ती म्हणाली. "मग सांगा, मोजू की नको."