आजाऱ्याची गाडी

अंकुशरावचे हात जीपच्या स्टेअरिंगवर होते आणि कान मागच्या बाकावर. मागे त्याची माय चंद्रभागाबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. सात वर्षांच्या राजीच्या घशात पांढरा पापुद्रा धरला होता, आणि आज सकाळपासून तिचा श्वास ओल्या लाकडात करवत चालावी तसा वाजत होता. निघण्याआधी वाडीच्या अमृतप्पा वैद्याने चमच्याने जीभ दाबून एकदाच आत पाहिलं आणि चमचा खाली ठेवला.

"घटसर्प हाय," तो म्हणाला. "माज्याकडं याला औषध न्हाई. बिदरला दवाखान्यात सुई हाय म्हनतेत. दुपारच्या आत न्या. मग नेऊन काय करतावं?"

रोग लागट, आणि घरात दोन महिन्यांचं तान्हं. म्हणून अंकुशरावची बायको कलाबाई दारातच थांबली. ती रडली नाही. ती नुसती जीपकडे बघत उभी राहिली, आणि ते बघणं अंकुशरावच्या पाठीला अजून टोचत होतं.

जीप त्याची नव्हती. त्याच्या बापजाद्यांत कुणाची बैलगाडीसुद्धा स्वतःची नव्हती, जीप कुठली? ती होती मन्नाएखेळ्ळीच्या गुरुशांतप्पा अण्णांची. जर्मनची लढाई संपली, सिकंदराबादेत लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, आणि अण्णांनी एक उचलली. चालवायला माणूस हवा, म्हणून पंधरा वर्षं आपल्या बैलगाड्या हाकणाऱ्या अंकुशरावला दोन महिने तिकडच्या एका उस्तादाकडे शिकायला पाठवलं. परवा बियाणं पोचवायला आलेली जीप पावसाच्या झडीमुळे वाडीतच राहिली होती, हे राजीचं नशीब.

साध्या मोटारीला मागची दोन चाकं ढकलतात आणि पुढची दोन नुसती वाट दाखवतात. या जीपला मात्र मोठ्या गिअरच्या शेजारी एक आखूड दांडी होती. ती लावली की इंजिनाचं बळ पुढच्या चाकांनाही जायचं आणि चारी चाकं ओढायला लागायची. हे उस्तादाने सांगितलं तेव्हा अंकुशरावला नवल वाटलं नव्हतं. काळ्या रानात भरली गाडी रुतली की तोही पुढे दुसरी जोडी जुंपायचा, आणि पक्का रस्ता लागला की सोडून द्यायचा.

"हौ, वैसाच," उस्ताद हसून म्हणाला होता. "चिखल में चारों. पक्की सडक पे अगले पय्यां कू छोड देना मियां. नै छोडे तो आपस में लडते."

वाडीपासून मन्नाएखेळ्ळीपर्यंत तीन कोस काळा चिखल. आज ती आखूड दांडी लावून जीपने तो असा कापला की एरवी अंकुशरावने तिच्या बॉनेटवरून हात फिरवला असता. गावाच्या कडेला म्हातारा कल्लप्पा दारातल्या दगडावर बसला होता. जीप पाहून तो काठी टेकत उठला आणि त्याने हात वर केला. चंद्रभागाबाईने तोंड फिरवलं. अंकुशरावनेही वेग कमी केला नाही.

या कल्लप्पाचं नाव त्यांच्या घरात घेत नसत. वीस वर्षांपूर्वी अंकुशरावच्या बापाला पटकी झाली, तेव्हा त्याला बिदरला न्यायला कल्लप्पाची चार बैलांची गाडी निघाली होती. गाडीत आजारी माणूस, त्याची बायको आणि हाकणारा कल्लप्पा, एवढेच तिघे. नाल्यात चाक रुतलं आणि कल्लप्पाने गाडी मागे घेतली. आजाऱ्याची गाडी मागे सरकवायची नाही, गाडी सरकली की आयुष्य सरकतं, हे शेंबड्या पोराला ठाऊक. बाप तिथेच नाल्यात गेला. दहा वर्षांच्या अंकुशला मायने हे सांगितलं, आणि त्या दिवसापासून कल्लप्पाच्या घरचं पाणी बंद झालं.

मन्नाएखेळ्ळी सुटली आणि पक्का मुरमाचा रस्ता लागला. इथे दांडी सोडायची होती. अंकुशरावचा हात तिच्याकडे गेलासुद्धा. पण मागे करवत वाजत होती, आणि त्याच्या मनाने पलटी खाल्ली. चार बैल दोन बैलांपेक्षा जोरात ओढतात. आजच्या दिवशी, पोर मरायला टेकली असताना, अर्धं बळ सोडून कुठला बाप जाईल? उस्तादाचं काय, त्याची पोरगी थोडीच मागच्या बाकावर होती. त्याने हात परत स्टेअरिंगवर ठेवला. दोन कोस तसाच गेला.

आणि जीप जड व्हायला लागली.

आधी स्टेअरिंग. ते वळणावर हिसके द्यायला लागलं, हट्टी वासरासारखं सरळच पळू बघायला लागलं. मग पायाखालून कुरकुर. मग जळक्या तेलाचा वास. अंकुशरावने पाय दाबला, इंजिन ओरडलं, पण वेग वाढायच्या जागी उतरला. एका वळणावर तर टायर रस्त्याला घासून किंचाळले आणि गाडी धक्का खाऊन बंद पडली. पुढे दीड कोसावर बिदरचा घाट दिसत होता, तांबड्या दगडात कोरलेली वळणं. हे साधं वळण जिला घेता येईना, ती घाट काय चढणार?

त्याने दांडी ओढली. ती हलेना. दोन्ही हातांनी ओढली, पाय टेकून ओढली. भिंतीत चिणलेल्या खुंटीसारखी ती जागेवर बसली होती.

"का थांबलास?" माय म्हणाली. "अंकुशा, कामून थांबलास?"

त्याला आता सगळं आठवलं. अण्णांनी नवे दोन टायर मागे घातले होते आणि झिजून गुळगुळीत झालेले पुढे. माल मागे असतो, पुढं नवे घालून जीपला काय हळद लावायची, असं त्यांचं म्हणणं. झिजलेलं चाक लहान, त्याला तेवढ्याच वाटेला जास्त फेरे घ्यावे लागतात. पण दांडी लावली की पुढच्या-मागच्या चाकांना एकसारखेच फेरे, जास्त नाही, कमी नाही. चिखलात चाकं घसरतात आणि भांडण तिथल्या तिथे मिटतं. पक्क्या रस्त्यावर घसरायला जागाच नसते. मग पुढचं ओढतं एकीकडे, मागचं एकीकडे, आणि दोघांचा पीळ आतल्या लोखंडात चढत जातो, दोरीला चढावा तसा. तोच पीळ दांडीला आवळून धरतो. बळ होतं, सगळं होतं, पण ते एकमेकांशी झुंजण्यात चाललं होतं. आणि ही झुंज त्याने स्वतः लावून दिली होती.

याच्यावरचा उपायही उस्तादाने सांगितला होता. "दांडी अटकी तो ताकत नक्को लगाव. दस हात पीछे लेव. पेच खुलता, दांडी आपी आप आती."

दहा हात मागे.

अंकुशरावने डाव्या-उजव्या बाजूला पाहिलं. दोन्हीकडे पावसाच्या पाण्याने भरलेले चर, गाडी खाली चिखलात घ्यायलाही जागा नाही. मागे वळून मायकडे बघायचा त्याला धीर होईना.

"माय, गाडी मागं घ्यावं लागंल."

"न्हाई."

"दहा हात. नुसतं दहा हात. त्याबगर सुटत न्हाई."

"न्हाई म्हनले नव्हं? तुजा बाप कसा गेला इसरलास व्हय?"

तो विसरला नव्हता, हीच तर अडचण होती. त्याच्या एका हाताला उस्ताद पटत होता आणि दुसऱ्याला माय. गाडी मागे घेतली आणि राजीला काही झालं, तर जन्मभर कल्लप्पासारखं दगडावर बसावं लागेल. नाही घेतली तर पोर इथेच, या वळणावर, त्याच्या डोळ्यांदेखत. त्याला भयंकर भीती वाटत होती. त्याने दांडीवर पुन्हा जोर लावला, तळहात सोलून निघाला, आणि दांडी जागची हलली नाही.

तेवढ्यात करवत थांबली.

दोघांनी एकदमच राजीकडे पाहिलं. पोरीचे ओठ जांभळट झाले होते, गळ्याखालचा खळगा आत ओढला गेला होता, आणि श्वास कुठेच नव्हता. मग एक लांब, कर्कश ओढ घेऊन तो परत आला.

चंद्रभागाबाईचा चेहरा अंकुशरावने असा कधी पाहिला नव्हता. तिने राजीला छातीशी घट्ट धरलं, साठीची बाई एका हाताने जीपची कड पकडून खाली उतरली आणि बिदरच्या दिशेने चालायला लागली.

"माय!"

"घे गाडी मागं," ती मागे न बघता म्हणाली. "किती घ्यायची तितकी घे. पोरगी पुढंच जायलीय."

अंकुशरावने इंजिन चालू केलं. रिव्हर्स टाकला. जीप कण्हली, हलली, मागे सरकली. एक हात, दोन हात. त्याचे डोळे समोर होते, मायच्या पाठीवर. गाडी जसजशी मागे जात होती तसतशी ती पाठ लहान होत होती, आणि तिच्या खांद्यावरून राजीचा हात लोंबत होता. सहा हात, सात. त्याने दांडीवर नुसती बोटं टेकवली होती. नवव्या हाताला खालून 'खट' असा आवाज आला आणि दांडी लोण्यातून सुरी निघावी तशी सुटली.

त्यानंतर जीप अशी पळाली की मायला गाठेपर्यंत अंकुशरावने श्वास घेतला की नाही ते त्यालाही आठवत नाही. म्हातारी थांबली नव्हती. पाय ओढत, धापा टाकत ती चालतच होती. गाडी शेजारी आली तेव्हा कुठे ती चढली. मागच्या दोन चाकांवर जीप घाटाची वळणं मुकाट चढून गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी राजीला हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं आणि दार लावलं.

सुई दिली. पण सुई दिली म्हणजे पोर वाचली असं नाही, हेही सांगितलं. दोन दिवस दोघं व्हरांड्यात बसून होते. आतून श्वास ऐकू आला की अंकुशरावला भीती वाटायची, आणि नाही आला की जास्त वाटायची. मायने या दोन दिवसांत अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी राजीने घोगऱ्या आवाजात कण्या मागितल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी आठ दिवस ठेवा, पण आता घोर नको.

अंकुशराव भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. चंद्रभागाबाई त्याच्या शेजारी बसली. मग ती म्हणाली:

"त्या दिशी नाल्यात गाडी मागं गेलीच नव्हती."

अंकुशरावला आधी कळलंच नाही.

"कल्लप्पा म्हनला, अक्का, चार हात मागं घेतो, चाक सुटंल. म्याच घेऊ दिले न्हाई. जू धरून हुभी ऱ्हायले. मग त्यानं चारी बैल फुडंच मारले, मारले, अन् चाकाचा आस मोडला. तुजा बाप तितंच गेला." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "घरी आल्यावर लोकायनी इचारलं. माज्या तोंडातून भलतंच निगालं. मग तेच ऱ्हायलं."

"अन् त्यो? त्यो वीस वरसं कामून बोलला न्हाई?"

"मी रडत हुते. त्यो खाली मान घालून हुभा ऱ्हायला. तवापासून तसाच हाय."

अंकुशरावला कल्लप्पाचा वर केलेला हात आठवला. त्या हाताने तो काय सांगत होता कोण जाणे. कदाचित रस्ता लागला, पुढची जोडी सोड, एवढंच. त्याला मायचा राग आला, फार आला, आणि राजीला खांद्यावर घेऊन चालणारी तिची पाठही दिसली. या दोन्हींचं काय करावं ते त्याला समजेना.

"जाताना त्याच्या दारात गाडी थांबव," ती म्हणाली.

"काय सांगनार हाईस त्याला?"

"सांगन," चंद्रभागाबाई म्हणाली, "औंदा गाडी मागं घेतली म्हून. अन् पोरगी जित्ती हाय."