दुसरा ब्रेक

गेली एकोणीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवते आणि या एकोणीस वर्षांत मी स्वतः धड गाडी चालवलेली नाही, असं आमचे हे म्हणतात. अगदीच खोटं नाही ते. माझी जागा शिकणाऱ्याच्या शेजारची. तिथे माझ्या पायाशी एक जादा ब्रेक बसवलेला असतो. शेजारचा माणूस स्टिअरिंगला मिठी मारून देवाचा धावा करत असतो, तेव्हा सगळ्यांचे जीव त्या ब्रेकवर असतात. गावात मला ब्रेकबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण कळायचं ते कळतंच.

सवय इतकी मुरली आहे की बसमध्ये बसले तरी माझा पाय दाबला जातो. सिनेमात गाड्यांचा पाठलाग सुरू झाला की पुढच्या खुर्चीला लाथ बसते. पुढचा वळून बघतो आणि हे लगेच मी यांच्या ओळखीचीच नाही असा चेहरा करतात.

तर अशा बाईच्या एकुलत्या एका लेकीला गाडी घ्यायची होती. तिला पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. पहिल्या तारखेपासून बर्फाची पेटी घेऊन अकरा खेड्यांच्या टाक्यांवर जायचं, नमुन्याच्या बाटल्या भरायच्या आणि संध्याकाळच्या आत परत आणायच्या. एकटीनं. गाडी स्वतःची हवी, ही अट होती. परवाना तिच्याकडे तीन वर्षांपासून होता, माझ्याच शाळेत शिकून काढलेला. पण तो निघाल्यापासून ती गाडीला फारसा हात लावत नव्हती. बसनं जायची. विचारलं तर म्हणायची, पार्किंगचा वैताग कुणाला हवाय. मला ते बरंच वाटायचं, हे आता कबूल करून टाकते.

मी गाडी हेरून ठेवली होती. लहानशी, राखाडी, सहा एअरबॅगांची. तिचा खरा गुण वेगळाच होता. समोर काही आडवं आलं की ती आपली आपण ब्रेक लावायची. शोरूमच्या मागच्या अंगणात त्यांनी खोक्यांची एक भिंत रचली, विक्रेत्यानं त्या भिंतीवर गाडी सोडली आणि पाय उचलून मांडी घालून बसला. भिंतीच्या हातभर अलीकडे गाडी गपकन थांबली. मी इतकी वर्षं घसा कोरडा करून जे करत आले, ते ही मुकाट्यानं करत होती, आणि वर दमतही नव्हती. त्या गाडीला कडेवर घ्यावं असं मला वाटलं.

लेकीच्या मनात मात्र दुसरीच भरली होती. दाताच्या एका डॉक्टरांनी निवृत्तीनंतर दुरुस्त करायला म्हणून चाळीस वर्षं जुनी गाडी आणली होती. गोल दिवे, ताटाएवढं स्टिअरिंग, रंग मूळचा हिरवा असावा. वर्षभर खटपट करून डॉक्टरांची कंबर धरली आणि त्यांनी ती विकायला काढली. लेकीनं तिचे फोटो आणले होते. इंजिन आपण रविवारी उघडू, पत्रा हळूहळू काढू, दोन वर्षांत बघत राहावंसं वाटेल, असं तिचं चाललं होतं. लहानपणापासून तिला उघडायची हौस, आणि उघडलेलं परत जोडताही येतं, एवढं खरं. घरातलं कपडे धुण्याचं यंत्र तिच्याच जिवावर बारा वर्षं टिकलंय.

मी म्हटलं, पहिल्या तारखेला तुला अकरा गावं फिरायची आहेत, दोन वर्षांनी नाही. त्या गाडीला एअरबॅग सोडाच, मागच्या सीटला पट्टेसुद्धा नव्हते. यांना विचारलं तर यांनी दोन्ही गाड्यांचे रंग विचारले आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

शोरूममधून बाहेर पडताना मी पुन्हा तेच पुराण लावलं. नेमका कशाला विरोध आहे तुझा, एवढं सांग. लेक फाटकापाशी थांबली. तिचा स्वर चढला नाही, म्हणून मलाच कसंतरी झालं.

"आई, मला ब्रेक लावता येतो का, हेच मला माहीत नाही."

मी म्हटलं, काहीतरीच काय, परवाना काय उगाच मिळाला?

"परीक्षेच्या दिवशी तो सायकलवाला आडवा आला, आठवतंय? माझा पाय पोचायच्या आत पेडल खाली गेलं होतं. तू दाबलंस. साहेब मागच्या सीटवर होते, त्यांना वाटलं मीच दाबलं. शाबास म्हणाले मला."

आठवत होतं. आमच्या गावात परीक्षा शाळेच्याच गाडीतून होते आणि शिकवणारी शेजारी बसते. पाय हलवायचा नाही हा नियम. एकोणीस वर्षांत मी तो एकदाच मोडला आणि तोही पोटच्या पोरीसाठी. मुद्दाम नव्हे. पाय गेला. पण गेला हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तिला कळलं नसेल अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. तीन वर्षं पोर बसनं फिरत होती आणि मी पार्किंगला दोष देत होते.

"आता परत आपोआप थांबणारी गाडी घेतली तर मला कधीच कळणार नाही," ती म्हणाली. रस्ताभर मी दुकानांच्या पाट्या वाचत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. माणूस मोठा प्रेमळ. गाडीचं दार उघडून त्यांनी पत्र्यावर बोटानं टकटक केली आणि म्हणाले, "वरवर थोडं किडलंय, बाकी मुळं घट्ट आहेत." दवाखाना बंद झाला तरी जिभेचं वळण काही बंद होत नाही. ब्रेक मात्र त्यांनी सगळ्यात आधी नवे बसवून घेतले होते, आणि गाडी रस्त्यावर न्यायचे कागदही चोख होते.

मी गाडी अशी तपासली की डॉक्टर घड्याळ बघायला लागले. ब्रेकचं तेल, पेडलचा ताण, हँडब्रेक, चारही टायर, स्टिअरिंगचा ढिलेपणा. अंगणात पंधरा वेळा पुढे-मागे करून, दरवेळी ब्रेक लावून बघितला. लेकीच्या बाजूची चटई उचलून खालचा पत्रा ठोकून पाहिला, एकदम धडधाकट. माझ्या बाजूची चटई उचलायची मला सुचलीच नाही. माझ्या बाजूला काय असतं? एक ब्रेक असतो. इथे तोही नव्हता.

निघायच्या आधी मी लेकीला शब्द दिला की पाय हलवणार नाही. दोन्ही पाय जोडून, पर्स मांडीवर घेऊन, देवळात बसल्यासारखी बसले.

आम्ही गावाबाहेर गोदामांच्या रस्त्याला लागलो. रुंद रस्ता, रविवार, चिटपाखरू नाही. गाडी चांगली चालत होती. लेकही चांगली चालवत होती. गिअर जरा अडून बसायचा, पण ती त्याच्याशी गोडीगुलाबीनं घेत होती. दहा मिनिटांत तिचे खांदे खाली आले. ती काहीतरी गुणगुणतसुद्धा होती आणि मी मनात म्हणत होते, गाणं नको गं बाई, रस्ता बघ.

तेवढ्यात एका गोदामाच्या फाटकातून खुर्च्यांची चळत उचललेला फोर्कलिफ्ट उलटा, मागचं न बघता, थेट आमच्यासमोर आला.

माझा शब्द, माझी पर्स आणि माझा पाय तिन्ही एकदम गेले. पाय सर्व ताकदीनिशी खाली गेला आणि गेला तो गेलाच. कर्र असा आवाज झाला, पायातली चप्पल निसटली, आणि घोट्याला वारा लागला. गाडी करकचून थांबली. फोर्कलिफ्टवाला तोंड उघडं टाकून आमच्याकडे बघत होता. त्याच्या आणि आमच्यामध्ये एखादा माणूस आरामात उभा राहिला असता.

लेकीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि पाय ब्रेकवर होता. मग तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "कुणी लावला?"

"तू लावलास."

"नक्की? तुझा पाय कुठे होता?"

"अजून रस्त्यावरच आहे," मी म्हटलं.

तिनं वाकून पाहिलं. चटई बाजूला सरकली होती, गंजलेल्या पत्र्याला घागरीच्या तोंडाएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून तिच्या आईचा पाय घोट्यापर्यंत खाली लोंबत होता. ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला कळेना की आपण हसावं की मलमपट्टी मागावी. सुदैवानं नुसतं खरचटलं होतं. पाय वर काढायला मात्र आम्हा दोघींना आणि फोर्कलिफ्टवाल्याला मिळून पाच मिनिटं लागली.

मी परत दार लावून बसणार तोच लेक म्हणाली, "आई, तू थांब इथं. मी एक फेरी मारून येते."

"एकटी?"

"एकटी."

नाही म्हणायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं. होती ती सगळी नुकतीच पत्र्यातून खाली पडली होती. फोर्कलिफ्टवाल्यानं, ओशाळून असेल, चळतीतली वरची खुर्ची काढून रस्त्याच्या कडेला ठेवली आणि माझी चप्पल शोधून आणून दिली. हिरवी गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मी बसून राहिले.

आयुष्यात मी किती जणांना गाडी शिकवली असेल, हजार तरी. पण गाडी निघून गेल्यावर मागे बसून राहायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. फोर्कलिफ्टवाला म्हणाला, मावशी, पाणी आणू का? मी हो म्हटलं आणि आणलेलं पाणी प्यायचं विसरले. दहा मिनिटं झाली. वीस झाली. फोन करायला हात गेला, तर तिचा फोन माझ्याच पर्समध्ये.

पंचवीस मिनिटांनी गाडी आली. बरोबर माझ्या खुर्चीसमोर, कडेला समांतर, वीतभर अंतरावर तिनं ती उभी केली. मी कधी कुणाला इतकी नेटकी लावायला शिकवली नव्हती. ती उतरली, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली की चढावर एकदा बंद पडली, मागचा ट्रकवाला बोलला, तिनंही त्याला दोन शब्द ऐकवले. वाटेत डॉक्टरांच्या दाराशी थांबून तिनं पत्र्याची हकीकतही सांगितली होती. पुढच्या रविवारी येऊन भोक बुजवून देते म्हणाली, तर डॉक्टर म्हणे इतके खूश झाले की गाडी विकायची नाही, दोघं मिळून दुरुस्त करू, असं ठरवूनच मोकळे झाले.

"मग आता?" मी विचारलं. "तुझी गाडी?"

"शोरूमवाली घेऊ. आपोआप थांबणारी."

मी म्हटलं, अगं, पण आता तर तुला कळलं ना, तुला येतं म्हणून. मग ती कशाला? मला वाटलं, बिचारी माझ्या पायाकडे बघून बोलतेय.

"मला लागते म्हणून नाही घेत," ती म्हणाली. "पहिल्या तारखेपासून मी रोज अकरा गावं फिरणार आणि तू घरी बसून हवेतच ब्रेक दाबत राहणार. ती तुझ्यासाठी आहे."

मी मघाचं पाणी एका दमात पिऊन टाकलं. नाहीतर रडले असते, आणि फोर्कलिफ्टवाला बघत होता.