आसेगावात बोलणारे मेलेले

त्या वर्षी उन्हाळ्यात आसेगावात मेलेली माणसं बोलू लागली. सन चौऱ्याहत्तर असावं. उकंडरावाच्या अंगणात लोक नारळ घेऊन दाटीवाटीनं बसत, आणि त्याची म्हातारी आई, पंचफुलाआजी, त्यांच्या मेलेल्यांची नावं घेई.

आजीला काही वर्षांपासून विसर पडत चालला होता. जेवून उठली की पुन्हा जेवायला मागे. घरचे सांभाळून घेत. मग झिंगरबुवा नावाचा एक दाढीवाला आला आणि त्याला आजीच्या अंगात पितर दिसले.

तो आजीच्या कपाळाला बुक्का लावायला वाके, कानाशी मंत्र पुटपुटे, आणि आजी म्हणे, "दौलत... दौलत..." गर्दीतली रामीबाई हंबरडा फोडी. तिचा वारलेला मुलगा दौलतच होता.

दरम्यान आजीच्या पायाला जखम झाली आणि ती चिघळली. पाय सुजला, अंग तापलं, बडबड दुप्पट झाली.

"पितरांची ऊब आहे," बुवा म्हणाला. "औषध द्याल तर कोपतील."

उकंडरावानं मान डोलावली. त्याची बायको विमलबाई मात्र मंगरूळहून डॉक्टर हेमसिंग राठोडांना घेऊन आली. वाटेत तिनं सांगितलं, "डॉक्टरसाहेब, म्या पानी म्हनलं की आत्याबाई पानी-पानीच करत राह्यते. त्यात पितर कायचे?"

अंगणात येताच डॉक्टर म्हणाले, "बुवा, आज बुक्का मी लावतो. मले माह्या आजोबाशी बोलायचं हाय."

"त्याले अधिकार लागते."

"आजोबा माह्ये, अन् अधिकार तुमचा?"

लोकांना ते पटलं. डॉक्टर वाकले, पुटपुटले. आजी शून्यात बघत म्हणाली, "भरताचं वांगं... भरताचं वांगं..."

"माह्या आजोबाचं नाव मदनसिंग," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "वांगं मी तिच्या कानात सांगतलं."

मग विमलबाई वाकली. आजी लगेच म्हणाली, "झिंगरबुवा मेला... झिंगरबुवा मेला..."

जिवंत झिंगरबुवा चपला शोधू लागला. रांगेत आपुलकीनं चौकशी करून मेलेल्यांची नावं काढणारा आणि ती बुवाला पुरवणारा त्याचा चेला आधीच पसार झाला होता.

रामीबाईनं हळूच विचारलं, "मंग तो माहा दौलत नोयता?"

"नाही, बाई. तुमीच चेल्याले नाव सांगतलं होतं." डॉक्टर तिच्याजवळ बसले. "म्हातारपनी काही जनांचा मेंदू झिजते. कानावर पडलं तेच जिभेवर येते. त्यात अंगात कुठं सूज, पू झाला, तर असा मेंदू आनखीच भरकटते. आता मले तिचा पाय पाहू द्या."

जखम धुतली, इंजेक्शनं दिली. ताप उतरला, बडबड ओसरली. विसर मात्र गेला नाही. तो जाणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बुवानं मेलेल्यांना परत आणायचं कबूल केलं होतं, आणि जिवंत म्हातारी सडू दिली होती.

घरातलं म्हातारं माणूस एकाएकी भलतंसलतं बोलू लागलं, तर बुक्का शोधू नका. त्याच्या अंगाला हात लावून बघा, ताप आहे का, कुठं दुखतंय का. आणि डॉक्टरला बोलवा.