सत्काराचं घड्याळ

ते २०२४ साल होतं. एप्रिलमधल्या एका शनिवारी सुनेत्रा रणपिसे मांडीवरची पर्स घट्ट धरून गाडीत बसली होती. नेदरलँड्समधल्या बेस्ट गावाहून द हेगला निघाल्यापासून तिचा नवरा जयप्रकाश तिला तिसऱ्यांदा विचारत होता,

"डबी घेतलीस ना?"

"पर्समध्ये आहे. आता काय उघडून दाखवू?"

"दाखवू नकोस. नुसतं हो म्हण."

"हो. हो. हो. घ्या, तिन्ही वेळचं झालं."

तो हसला. कडक इस्त्रीचा कोट, गळ्याला निळा टाय, दाढी अशी घोटलेली की हनुवटीवर लाली आलेली. लग्नाच्या दिवशीसुद्धा हा माणूस इतका नटला नव्हता. आज आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात गुणवंत मुलांचा सत्कार होता, आणि मुलांच्या नावांत त्यांच्या सुयशचं नाव होतं.

डबीत स्विस बनावटीचं घड्याळ होतं. सुयश अकरा वर्षांचा असताना जयप्रकाशने ते आइंडहोवनच्या एका मोठ्या दुकानातून घेतलं होतं. विकणाऱ्या बाईने मनगटाचं माप विचारलं, तेव्हा हा म्हणाला, "मनगट अजून तयार व्हायचंय." घरी आल्यावर पोराच्या हातावर एकदा घालून दाखवलं. ते कोपरापर्यंत घसरत गेलं. तिघंही खूप हसली. मग जयप्रकाशने ते काढून कपाटात ठेवलं आणि म्हणाला, "तुझंच आहे. वेळ आली की देतो."

ती वेळ कुठली, यावर नवरा-बायकोचं कधी जमलं नाही. सुनेत्रा म्हणायची, अठरावं लागलं की द्या. तो म्हणायचा, "वय काय, कुणालाही येतं. काहीतरी करून दाखवल्यावर घड्याळ मिळतं."

त्याला तसं मिळालं होतं. त्याचे वडील शिवाजी दापोडीच्या एका शाळेत शिपाई होते. आयुष्यभर त्यांनी शाळेची घंटा वाजवली, पण वेळ बघायची ती हेडमास्तरांच्या खोलीतल्या भिंतीवर. जयप्रकाशला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला, त्या वर्षी वस्तीत जयंतीला त्याचा सत्कार झाला. शिवाजी खाकी कपड्यांतच मंचावर चढले आणि कुठूनतरी जमवून आणलेलं घड्याळ त्यांनी सगळ्या वस्तीदेखत पोराच्या मनगटावर बांधलं. बोलले काहीच नाहीत. ही गोष्ट सुनेत्राने सासरी आल्यापासून इतक्या वेळा ऐकली होती, की तो मंच आपणच पाहिला असं तिला वाटायचं. जयप्रकाशला तोच मंच पुन्हा हवा होता. नेदरलँड्समध्ये का होईना.

पण इकडची तऱ्हा वेगळी. इथे बाराव्या वर्षी शाळाच सांगते, हे मूल पुढे विद्यापीठाच्या वाटेने जाईल की हातकामाच्या. सुयशला हातकामाची वाट सांगितली. त्या दिवशी जयप्रकाश शाळेतून आला तो सरळ मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

"माझ्या आज्याला हेच सांगितलं होतं," तो म्हणाला. "तुला अक्षरं कशाला, तू हाताचं काम कर. तिथनं इथवर आलो आणि इथेही तेच? हसत हसत सांगितलं बाईनं. कॉफी देऊन!"

सुनेत्राला त्याचं दुःख कळत होतं. पण पोराचंही कळत होतं. पोराला स्क्रू आणि वायरी आवडायच्या, बिचाऱ्याला पणजोबाचं काय ठाऊक?

मग २०१९ चा जून आला आणि सुयश शाळेची शेवटची परीक्षा पास झाला. इकडे पोर पास झालं की घरावर झेंडा लावतात आणि काठीच्या टोकाला त्याचं दप्तर अडकवतात, म्हणजे सगळ्या गल्लीला कळतं. शेजारच्या विल्माने आपला झेंडा आणून दिला. सुयशने शिडीवर चढून दप्तर टांगलं. सुनेत्राने श्रीखंड केलं होतं. घड्याळाची डबी कपाटातून काढून तिने जेवणाच्या टेबलावर ठेवली. सुयशने ती पाहिली, पण पाहिलं नाही असं दाखवून तो शर्ट बदलून आला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि डावी बाही वर दुमडलेली.

जयप्रकाश सायकलवरून आला. दाराशी थांबून वर पाहिलं.

"हे काय लावलंय?"

"पास झाला ना! विल्मानं दिला झेंडा."

"कशात पास झाला? पलीकडच्या गल्लीत अनिमेषची मुलगी स्वानंदी विद्यापीठाच्या वाटेवर आहे. तो बघेल, विचारेल. काय सांगू? गल्लीत शोभा नको. काढा ते."

"अहो, निदान आज तरी…"

"आज कशाला? पुढची परीक्षा देऊ दे. वर चढू दे. तेव्हा मीच लावतो झेंडा, आणि घड्याळही मीच देतो. मी नाही म्हणत नाही सुनेत्रा, मी नंतर म्हणतोय."

सुयश मराठी सगळं समजायचा. उत्तर मात्र डचमध्ये किंवा इंग्रजीत द्यायचा. "इट्स ओके, पप्पा," तो म्हणाला आणि शिडी घेऊन बाहेर गेला. झेंड्याची नीट घडी घालून विल्माला देऊन आला. श्रीखंड तिघांनी खाल्लं. डबी टेबलावर होती तिथेच होती. कोणी तिच्याकडे बघेना, म्हणून शेवटी सुनेत्रानेच ती उचलून कपाटात ठेवली.

त्यानंतर पोराने घड्याळाचं नाव काढलं नाही. आधी दर वाढदिवसाला विचारायचा, "आता?" ते बंद झालं. तो घर गरम ठेवणारे हीट पंप बसवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं शिकायला लागला. पुढे कामावर लागला, टिलबर्गला खोली घेऊन राहू लागला. अठराव्या वाढदिवसाला सुनेत्राने विषय काढला, तर जयप्रकाश म्हणाला, "डिप्लोमा होऊ दे." डिप्लोमा झाला, तर म्हणाला, "असं स्वयंपाकघरात देऊ का? चार माणसं तरी हवीत."

सुनेत्राच्या जिवाला एकच घोर लागला होता. बाप देईल, कधीतरी देईलच. पण तोवर पोराला ते हवं असेल का? हवं असण्याचंही एक वय असतं. ते निघून गेलं की सोन्याचं घड्याळ दिलं तरी घेणाऱ्याच्या हातावर नुसतं ओझं.

म्हणून तिने नवऱ्याला न सांगता जयंती समितीच्या विशाखाला फोन केला.

"वहिनी, सत्कार पदवीवाल्यांचा असतो हो," विशाखा म्हणाली. "पण राहू दे. पोर आपलंच आहे ना? घालते नाव."

जयप्रकाशला हे कळलं तेव्हा त्याने आपला कोट काढून उजेडात धरला. मग म्हणाला, "कोट ड्रायक्लीनिंगला टाकायला हवा." त्या रात्री सुनेत्राला कित्येक वर्षांनी शांत झोप लागली.

हॉल ट्रामच्या थांब्यासमोरच होता. आत निळ्या पताका, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, मागे वांग्याच्या रश्श्याचा वास. "जय भीम, जय भीम" करत लोक जागा धरत होते. वंदना झाली, भाषणं झाली. सुयश जरा उशिरा आला. सकाळी एका म्हातारीचं घर थंड पडलं होतं, तिकडे जाऊन आला होता. पांढरा शर्ट घातला होता, पण बोटांची सालं निघालेली.

"जेवलास का रे काही?" सुनेत्राने विचारलं.

"लेटर, आई." मग तो तिच्या पर्सकडे बघून हळूच हसला. "इज इट इन देअर?"

तिने मान हलवली. त्याने डाव्या बाहीचं बटण काढलं. तिने डबी काढून जयप्रकाशच्या हाती दिली. म्हणजे हवं होतं पोराला. अजूनही हवं होतं!

आधी स्वानंदीचा सत्कार झाला, मग आणखी दोघातिघांचा. मग विशाखाने कागदावरून वाचलं, "सुयश जयप्रकाश रणपिसे. सुयशने तांत्रिक शिक्षणाचा डिप्लोमा पूर्ण केला आहे. त्याचे वडील त्याला भेट देणार आहेत."

बाप-लेक मंचावर उभे राहिले. जयप्रकाशने घड्याळ काढलं, पोराच्या मनगटावर बांधलं. अगदी बरोबर बसलं. सुनेत्राने हात जोडले. एवढ्यावर झालं असतं तर किती बरं झालं असतं. पण जयप्रकाशने विशाखापुढे हात केला.

"ताई, दोन मिनिटं घेतो."

तिने माईक दिला.

"माझे वडील शाळेत शिपाई होते," तो म्हणाला. "घंटा वाजवायचे. बाबासाहेबांनी सांगितलं शिका, म्हणून त्यांनी मला शिकवलं, इंजिनीअर केलं. आणि आज… आज ही तिसरी पिढी. माझा मुलगाही इंजिनीअर झाला."

विशाखाने हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"एनर्जीमध्ये," जयप्रकाश घाईने म्हणाला. "सस्टेनेबल एनर्जी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतली एक म्हातारी पदराने डोळे पुसायला लागली. तिसऱ्या रांगेत अनिमेष बसला होता. त्याला सगळं ठाऊक होतं, तरी तोही टाळ्या वाजवत होता, आणि सुनेत्राला त्याच टाळ्या जास्त लागल्या. सुयश सरळ उभा होता. घड्याळाचा हात त्याने पाठीमागे नेला होता.

जेवणाच्या रांगेत एक ओळखीचे काका ताट घेऊन पुढे आले. "अभिनंदन, साहेब! डेल्फ्टच्या विद्यापीठातून का रे?"

सुयशने बापाकडे पाहिलं. आता तरी बोलेल, असं त्याच्या डोळ्यांत होतं.

"नाही, आमच्या आइंडहोवनच्या बाजूला," जयप्रकाश म्हणाला. "घ्या ना, जिलेबी घ्या."

सुयशने ताट खाली ठेवलं आणि तो बाहेरच्या कोट टांगायच्या खोलीकडे गेला. सुनेत्रा मागोमाग गेली. तो घड्याळाचा पट्टा सोडत होता. सालं गेलेल्या बोटांना ती बारीक कडी सापडत नव्हती.

"अरे, लोकांसमोर तसं बोलावं लागतं रे. मनात काही नसतं त्यांच्या."

"आई," तो म्हणाला, आणि पुढचं चक्क मराठीत बोलला. मोडकंतोडकं, शब्द शोधत. "इंजिनीअर कोण आहे?"

तिने पट्ट्याशी झगडणाऱ्या त्याच्या बोटांवर हात ठेवला.

"मी नाही. मी मोंटर आहे. मशीन बसवणारा. मला आवडते ते काम. थंड घर असते, मी जातो, मग गरम होते. पप्पाने ते सांगितले असते ना… दॅट वॉज इनफ."

"पुन्हा घाल बाळा. निदान घरी जाईपर्यंत. त्यांना फार लागेल."

"हे त्या इंजिनीअरचं आहे," तो म्हणाला. रागाने नाही. चुकून आपल्या दारात आलेलं पार्सल शेजाऱ्याला द्यावं, तसं त्याने ते तिच्या हातात ठेवलं. "तो आला तर त्याला दे."

त्याने तिला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली, आणि जॅकेट चढवून बाहेर पडला. ट्राम आलेलीच होती.

परतीच्या वाटेवर जयप्रकाश गाडी चालवताना गुणगुणत होता.

"न सांगता गेला ना? असू दे. कामाचा माणूस आहे. पण बघितलंस? मनगटावर काय शोभत होतं!"

"हो," सुनेत्रा म्हणाली. "शोभलं." पर्स तिने मांडीवरून काढून पायाशी ठेवली.

पुढे काय झालं, ते सांगायला फार वेळ लागत नाही. विशाखा नवऱ्याच्या बदलीबरोबर कॅनडाला गेली. सत्कार दरवर्षी होतो. नावं आता दुसरं कोणी वाचतं. स्वानंदी डेल्फ्टलाच पुढे शिकते आहे. विल्मा वृद्धाश्रमात गेली, तिच्या घरात एक पोलिश जोडपं आलं आहे.

सुयश त्यानंतर दोनदा घरी आला, दिवाळीला आणि वाढदिवसाला. जयप्रकाशने दोन्ही वेळा त्याच्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं. पहिल्या वेळी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या वेळी उघडलंही नाही. बायकोलाही त्याने कधी विचारलं नाही. सुनेत्राने घड्याळ पुन्हा कपाटात ठेवलंय, हे त्याला कळलं असावं, कारण त्या कपाटाला तो हात लावेनासा झाला. २०२५ च्या हिवाळ्यात त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता तो खिडकीशी खुर्चीत बसतो. कधी कधी ओठ हलतात, पण शब्द होत नाही.

त्याच हिवाळ्यात सुयश एका जोडीदाराला घेऊन आला आणि दोन दिवसांत घराला हीट पंप बसवून गेला. जयप्रकाश खुर्चीतून बघत होता. सुयशने आईला सगळं समजावून सांगितलं, डचमध्ये, हळू आवाजात, गिऱ्हाइकांना सांगतो तसं. कॉफी घेतली. बापाच्या गुडघ्यावरची शाल सारखी केली. जाताना त्याने मशीनवर आपल्या नावाचा आणि फोन नंबरचा स्टिकर लावला. काही बिघडलं तर फोन कर, लगेच येईन, म्हणाला.

घर आता छान उबदार असतं. सुनेत्रा रोज सकाळी अंगणात जाऊन मशीनला कान लावते. चांगलं बसवलंय पोराने. अजून एकदाही बिघडलेलं नाही.