तीन वाजून सात मिनिटांचा पाऊस

मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. चपला हरवत होत्या, कोपरं लागत होती, तरी माना उंचावलेल्याच. का, तर ढगबाबा काठी फिरवून पाऊस पाडतात!

"ढग झोपलेत, लेकरांनो! आम्ही ढवळलं की जागे होतात!" बाबा गरजायचे. हातात लांब काठी, टोकाला निळं फडकं. तीनदा फिरवली आणि तिन्ही वेळा तासाभरात सरी आल्या. ज्या दिवशी बाबा काठीला हात लावत नसत, त्या दिवशी कुणाची तरी 'जड नजर' ढगांवर पडलेली असे.

या खेपेला ती नजर निघाली चौकातल्या इस्त्रीवालीची. सासूने फर्मानच काढलं, "उद्यापर्यंत पाऊस पडला नाही, तर या घरात तुला जागा नाही."

ती रडत पाऊसमावशीकडे आली. मावशी वेधशाळेत एकतीस वर्षं पाऊस मोजत होत्या. रोज सकाळी ढग बघून फाटकावरच्या फळ्यावर अंदाज लिहायच्या. तो फळा कुणी वाचत नसे. शेळ्या तेवढ्या त्याला अंग घासत.

"मावशी, माझ्या नजरेत खरंच काही आहे का हो?"

"आहे. कोळशाचा धूर. आता डोळे पूस आणि मला जरा विचार करू दे."

मावशींनी नोंदवही उघडली. बाबांनी काठी फिरवली ते तिन्ही दिवस: 'ढिगाचे ढग, आत खळबळ.' नजर लागली ते सगळे दिवस: 'सपाट थर.' मग त्यांना आठवला बाबांचा चेला. रोज सकाळी फाटकाशीच, नेमका फळ्यासमोर, त्याच्या चपलेचा अंगठा तुटायचा! मावशींचे कान तापले. म्हणजे या भोंदूला ढगांची अक्कल आपणच पुरवत होतो तर!

दुसऱ्या दिवशी आकाश काळंभोर, पण परातीसारखं सपाट. एकतीस वर्षांत मावशींनी फळ्यावर खोटं अक्षर लिहिलं नव्हतं. त्या दिवशी लिहिलं: 'ढिगाचे ढग. पाऊस तीन वाजून सात मिनिटांनी.' खरं ते एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात घातलं आणि पोस्टमनच्या हाती दिलं. इस्त्रीवालीला खोलीत बसवून खिडकी लावून घेतली.

दुपारी बाबा डोळे मिटून डोलले. "आदेश आला! तीन वाजून सात मिनिटांनी बरसणार!"

"बाई गं, मिनिटासकट!" सासूने हात जोडले.

ढगांच्या मनातलं ओळखणाऱ्या या महापुरुषाने एकदाही वर पाहिलं नाही. तीन वाजून सात झाले, साडेतीन झाले. काठी गरगरतेय, फडकं फडफडतंय, थेंबाचा पत्ता नाही. चारला बाबांचा खांदा गळाला.

"नजर! त्याच बाईची नजर!"

"ती सकाळपासून माझ्या बंद खोलीत आहे," मावशी पुढे झाल्या. "पोस्टमनदादा, फोडा पाकीट."

पोस्टमनने मोठ्याने वाचलं: "बाबा तीन वाजून सात मिनिटं म्हणतील, कारण फळ्यावर मी तसं खोटं लिहिलंय. आज पाऊस नाही." लगेच गर्दीतल्या दोघांनी फळाच उचलून आणला. मैदानात खसखस पिकली.

"मग आधी पडला, तो कसा?" सासू अजून हटून होती.

"ढगातले थेंब इतके बारीक, की तसे लाखो मिळून पावसाचा एक थेंब होतो. आजच्यासारख्या ढगात हवा शांत, थेंब सारखेच बारीक. रांगेतल्या पोरांसारखे ते एकमेकांना लागतच नाहीत. ढिगाच्या ढगात हवा घुसळते, भोवरे उठतात. तुम्ही आत्ता इथे आदळत होतात ना, तसे थेंब आदळतात, एकात एक मिसळतात, जड होतात आणि खाली येतात. घुसळण हवेची, बाबाची नव्हे! काठी पंधरा फुटांची, ढग मैलभर वर. कसं ढवळणार, कपाळ?"

उत्तर द्यायला बाबा होते कुठे? ते अंतर्धान पावले होते, चेल्याच्या सायकलवर मागे बसून.

दोन दिवसांनी ढिगाचे ढग आले. काठी नाही, फडकं नाही, तरी धो धो कोसळला. भिजत सासू वेधशाळेच्या दारात आली, नजर जमिनीवर. "चल घरी."

मावशीशेजारी उभी राहून पाऊस मोजणारी इस्त्रीवाली वळली. "येते. पण सासूबाई, पुन्हा कधी पाऊस अडला, तर माझ्याकडे नका बघू. वर बघा."