नववी सरी

"तोंडात काय गूळ धरलाय का? बोला की!" सून बांधावरून ओरडली आणि आम्ही बायका तोडलेल्या मिरच्या हातातच धरून बघत राहिलो. सासूवर आवाज चढवायची तिची ही पहिलीच वेळ. आणि सासू कोण, तर रेडिओ!

रेडिओ म्हणजे आमच्या ढोबळी मिरचीच्या शेडची मुकादम. सकाळी एकदा सुरू झाली की संध्याकाळपर्यंत बंद व्हायची नाही, म्हणून ते नाव पडलं. मालकाला तोंडावर बोलणारी बाई. ती आज सरीत मान खाली घालून उभी होती आणि म्हणत होती, "परत सांग गं. एकदाच सांग."

त्याचं असं झालं. आमची मिरची परदेशी जाते. ती घेणाऱ्या कंपनीचा माणूस शेड बघायला येणार होता. मालकानं सगळ्यांसमोर सांगितलं, "तो मुकादमाशी स्वतः बोलणार, इंग्रजीत. मधे दुसऱ्या कुणी तोंड घालायचं नाही, तसा नियमच आहे. बारा उत्तरं द्यायची, हा घे कागद. जमलं तर तू मुकादम. नाही जमलं तर माझी भाची शिकलेली आहे, ती बसेल तुझ्या जागी. तू खुरपायला जायचं."

खुरपायला! रेडिओचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. खाली बसली तर उठवायला दोन माणसं लागतात. खुरपं हातात दिलं काय आणि घरचा रस्ता दाखवला काय, एकच. नवरा अंथरुणाला खिळलेला, मुलगा ट्रकवर, आला तर आला. त्यात तिला कागद वाचता येत नव्हता. आमच्यात वाचता येत होतं ते एकट्या सुनेला, आणि सासू-सुनेचं दोन वर्षं कामापुरतंच बोलणं.

ते का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांमागं, असाच उन्हाळा, सून तोडणीला होती. नवव्या सरीत तिला चक्कर आली आणि ती तोंडावर आपटली. तिसरा महिना होता. रेडिओनं तिच्या तोंडावर पाणी मारलं, उठवून बसवलं आणि म्हणाली, "गाडी भरायची आहे, एवढी सरी संपव, मग बस." सुनेनं सरी संपवली. त्याच आठवड्यात पोटातलं गेलं. रेडिओ त्याबद्दल कधी अवाक्षर बोलली नाही. आम्ही कशाला बोलतोय? गाडी भरायला आम्हीही होतोच.

तर अशा सुनेपुढं रेडिओ कागद घेऊन गेली. मी सोबत होते. सून भाकऱ्या थापत होती. तिनं वर न बघता कागद वाचला आणि म्हणाली, "घरात बसून तुमच्या ध्यानात राहायचं नाही. सरीला एक वाक्य लावू. तोडत तोडत शिका."

युक्ती नामी होती. शेतात बरोबर बारा सऱ्या. पहिल्या सरीला पाण्याचा कॉक, तिथं "गुड मॉर्निंग सर." तिसरीत ठिबकची नळी दोनदा सांधलेली, तिथं "धिस वॉटर इज क्लीन." पाचवीत झाडं खुरटलेली, तिथं "नो चिल्ड्रन वर्क हिअर." सून पुढं म्हणायची, रेडिओ मागं. आम्हीही मिरच्या तोडता तोडता म्हणायचो. अर्थ कुणी विचारला नाही. पाठ होणं महत्त्वाचं. रेडिओचा हात देठाला लागला की वाक्य आपोआप तोंडात यायचं. फक्त नववीला गाडी अडायची, आणि सून तिथंच जास्त ओरडायची. सातव्या दिवशी बाराच्या बारा सऱ्या ती न अडखळता बोलत गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आणि त्याच दुपारी मालकानं घात केला. झाडं जुनी झालीत, पाहुण्याला रान कसं स्वच्छ दिसलं पाहिजे, म्हणून त्यानं सगळी मिरची उपटली, नळ्या गुंडाळल्या आणि ट्रॅक्टर फिरवला. आम्ही शेडमधून बाहेर येईपर्यंत रान सपाट.

रेडिओ बांधावर मटकन बसली. "माझं इंग्रजी गेलं गं," म्हणाली आणि हमसून रडायला लागली. मला आधी हसू आलं. मग बघितलं तर तिला खरंच काही आठवेना! "गुड मॉर्निंग" म्हणायची आणि हात हवेत चाचपायची. तिथं झाडच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणा आला. उंच, उन्हानं लालबुंद झालेला, हातात फळीला लावलेला कागद. शेडमध्ये तो रेडिओपुढं उभा राहिला आणि काहीतरी विचारलं. रेडिओ हवेत हात चाचपत राहिली. त्यानं परत विचारलं. मालकानं दारात उभ्या असलेल्या भाचीकडं बघितलं.

रेडिओनं चपला काढल्या. पाहुण्याचा हात धरला आणि त्याला सरळ रानात घेऊन गेली. मालक "अगं अगं" करत मागं. कॉकपाशी ती थांबली, वाकली, नसलेल्या झाडाचं पान बाजूला केलं आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग सर." दोन पावलं टाकली. दुसरं वाक्य. पुन्हा दोन पावलं, तिसरं. पाहुणा कागदावर खुणा करत तिच्यामागं ढेकळांतून चालला होता. पाच. सहा. आठ झाली.

नवव्या जागी ती थांबली. हात पुढं केला, तोंड उघडलं आणि मिटलं. घामानं तिचा पदर भिजला. तिनं आमच्याकडं बघितलं. आम्हाला बोलायची बंदी.

तेव्हा सून रानात उतरली. सासूपासून चार हातांवर गेली आणि दोन वर्षांमागं पडली होती तशी त्या मातीत आडवी झाली.

रेडिओ तिच्याकडं बघत राहिली. मग तिच्या तोंडून शब्द आले, एकेक, स्पष्ट, "इफ एनीवन इज हर्ट, वी स्टॉप वर्क."

पाहुण्यानं मान हलवली आणि खूण केली. पुढच्या तिन्ही सऱ्या ती बोलून गेली. जाताना त्यानं मालकाचा हात हातात घेऊन हलवला. भाची आल्या वाटेनं गेली. मालक खुशीत म्हणाला, "चला, पेट्या भरा, गाडी उभी आहे!"

आम्ही परत शेडमध्ये ओळीनं उभ्या राहिलो. काल तोडलेल्या मिरच्या निवडून पेटीत भरायला लागलो. सुनेच्या केसांत अजून माती होती. रेडिओ तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"त्या नवव्या सरीचा अर्थ काय गं?"

सुनेचा हात थांबला नाही. "कुणाला लागलं, तर आम्ही काम थांबवतो."

रेडिओच्या हातात मिरची होती. तिनं ती पेटीत ठेवली नाही, खालीही ठेवली नाही. मग हळूच सुनेचं मनगट धरलं आणि तिच्या हातातली मिरची काढून घेतली. ते बघून मीही हात थांबवले. एकेक करत सगळ्याच थांबल्या.

"काय झालं?" मालक दारातून ओरडला. "काम का थांबलं? कुणाला लागलं का?"

"हो," रेडिओ म्हणाली. "माझ्या सुनेला. दोन वर्षं झाली."